तो सन्नाटा तुमच्या गमतीसाठी नव्हता!

काल ग्रुपवर एकाने नोकरी गेल्याचं कळवलं. काय बोलावं कुणालाच सुचेना. तेवढ्यात एका महाभागाने मीम टाकलं, ‘इतना सन्नाटा क्यों है भाई?’ वर खदाखदा हसणारे इमोजी. तळपायाची आग मस्तकात गेली!

अरे, तो सीन कधी बघितलाय का? ‘शोले’, 1975. ए. के. हंगल यांचा रहीमचाचा आंधळा आहे. गब्बरने त्याच्या पोराला, अहमदला मारून प्रेत घोड्यावर घालून गावात पाठवलंय. अख्खं गाव जमलंय, पण म्हाताऱ्याला सांगणार कोण? त्याला दिसत नाही, फक्त सगळे गप्प झालेत एवढंच कळतंय. म्हणून तो विचारतोय. आणि आपण ते वाक्य कुठे चिकटवतो? सहलीला कोण कोण येणार यावर कुणी उत्तर देत नाही तिथे!

हे होतं कसं तेही दिसतंय की. वाक्य आखूड, चेहरा बोलका, आणि मागचंपुढचं कापलं तरी कुठेही बसणारं. एक स्क्रीनशॉट, त्यावर ठळक अक्षरं, झालं टेम्प्लेट तयार. मग मीम बघून मीम बनतात, सिनेमा बघतो कोण? मूळ शब्दही उरत नाहीत. ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या 1980 च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये खलनायक डार्थ वेडर नायक ल्यूकला ‘नो, आय अ‍ॅम युवर फादर’ म्हणतो. लोक मात्र ‘ल्यूक, आय अ‍ॅम युवर फादर’च ठोकून देतात. दुरुस्त करायला गेलं की आपणच शहाणे ठरतो.

विनोदी वाक्यांचं एकवेळ ठीक आहे. ‘अशी ही बनवाबनवी’तले सत्तर रुपये रोज वारले तरी माझी ना नाही, ते हसवायलाच लिहिलंय. (त्याचा दिग्दर्शक सचिन म्हणजेच ‘शोले’तला अहमद, हे तरी किती जणांना माहीत असेल देव जाणे.) पण बापाच्या काळजाला हात घालणारं वाक्य सेलच्या जाहिरातीतसुद्धा?

आणि आता तर सिनेमाही सुखाने बघू देत नाहीत. परवा टीव्हीवर ‘शोले’ लागला होता. घोडा गावात शिरतोय तोच भाचा हंगलांच्या आधी ते वाक्य बोलून मोकळा! सगळे खो-खो हसले. त्या गोंगाटात बापाच्या खांद्यावरच्या पोराच्या जनाज्याचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. ओरडलो त्याच्यावर, तर म्हणतो कसा, “मामा, हा तर मीमवाला पिक्चर आहे ना?”