जांभूळ क्रमांक सतरा

आमच्या शाळेत १ जुलैला शिकवणं सोडून सगळं होतं. वसंतराव नाईकांची जयंती म्हणून त्या दिवशी कृषी दिन, आणि वनमहोत्सवाचा आठवडाही तिथूनच सुरू. १९५० साली केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर वन असावं. माझ्या डोळ्यांसमोर फक्त अहवाल असतो.

२०१६ साली राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडं लावायचं ठरलं. त्यातलं एक माझ्या नशिबी आलं. जांभूळ, रोप क्रमांक १७. पाहुण्यांनी ते काळ्या पिशवीसकट खड्ड्यात ठेवलं, फोटो झाला, जीप गेली. मी ते परत उपसून पिशवी फाडली आणि नीट लावलं. तेवढं हेडसरांनी पाहिलं. संध्याकाळी मी त्या जांभळाचा अधिकृत पालक! (शाळेत कुठल्याही कामाची आस्था दिसू देऊ नये, हे मला बारा वर्षांच्या नोकरीनंतरही कळू नये?)

दर सहा महिन्यांनी फोटो, उंची, 'जिवंत / मृत'. पोटच्या पोरांची उंची मी इतक्यांदा मोजली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत शेळीनं जांभूळ बुडख्यापर्यंत खाल्लं. शेळी शाळा समितीच्या अध्यक्षांची, त्यामुळे अहवालात तिचं नाव नाही. जाताना ती खड्ड्यात लेंड्या टाकून गेली. पुढच्या पावसाळ्यात तिथे काहीतरी हिरवं उगवलं. मी हर्षानं वाकलो आणि बोटाला काटा रुतला. बाभूळ! शेंगा खाऊन आलेल्या शेळीनं आमच्यापेक्षा चांगलं वृक्षारोपण केलं होतं. ना खड्डा खणला, ना नारळ फोडला, ना फोटो काढला.

मी 'जिवंत' वर खूण केली. उंची तीन फूट, मग पाच, मग नऊ. जिल्ह्यात आमचं जांभूळ नावाजलं गेलं आणि तेच पाहुणे ते बघायला आले. कौतुकानं त्यांनी खोडावर हात फिरवला.

"अहो गुरुजी, जांभळाला काटे?"

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरकडे पाहिलं.

"साहेब, टायपिंगची चूक. 'बा'चं 'जां' झालंय."

साहेब बोट चोखत जीपमध्ये बसले. आठवड्याभरात पत्र आलं: नावात दुरुस्ती करावी, आणि जांभूळ क्रमांक १७ कुठे आहे याचा खुलासा पालकानं तीन दिवसांत करावा.