श्रीलंकेची चिलापी आणि आपली गोदावरी

पैठण ते नांदेड, नदीकाठच्या अनेक ग्रुपांवर एक मजकूर पुढे ढकलला जातो. श्रीलंकेनं तलावांत चिलापी (तिलापिया) हा बाहेरचा मासा सोडला आणि मासळी उदंड झाली. आपल्या धरणांतही दरवर्षी बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्लं, सोडली जातात. मग देशी मासे संपल्याची ओरड कशाला, असं त्याचं म्हणणं.

श्रीलंकेचा दाखला अर्धा खरा आहे. मोझांबिकची चिलापी तिथं १९५२ साली आली आणि तलावांतली मासेमारी तिच्यावर उभी राहिली. कोरड्या भागातल्या गरिबांना स्वस्त मासा मिळाला, ही चांगलीच गोष्ट. पण ते तलाव जुन्या राजांनी शेतीसाठी बांधलेले. बेटाचे खास मासे मुख्यतः नैर्ऋत्येच्या पावसाळी पट्ट्यात, केलनी, कलू, गिन, निलवला या नद्यांच्या सावलीतल्या ओढ्यांत राहतात. अस्सल गोड्या पाण्यातल्या तिथल्या निम्म्याहून अधिक जाती जगात दुसरीकडे कुठंही नाहीत. बंडुला बार्ब हा बोटाएवढाही नसलेला मासा १९९१ साली शास्त्राला कळला, तो केगॉल जिल्ह्यातल्या गलपिटमडजवळच्या ओढ्यात. भातशेतीतून वाहणाऱ्या त्या पाण्यात फवारणीचं औषध उतरलं, तर तलावातली टनावारी चिलापी त्याच्या काय कामाची? मासळीचं वजन वाढलं म्हणून जाती वाचल्या असं होत नाही. या मजकुराची सगळी गफलत इथंच आहे.

आता बोटुकली. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे उत्तरेच्या मोठ्या नद्यांचे मासे. साठलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधुरी या मत्स्यशास्त्रज्ञांनी इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन घडवलं, तेव्हापासून माशांचं बीज, म्हणजे पिल्लं, केंद्रात तयार होऊ लागलं. म्हणजे दरवर्षी बीज सोडावं लागतं, ते नदी माशांनी भरलेली असल्याची खूण नाही. चिलापीला तीही गरज नाही. मादी अंडी तोंडात सांभाळते आणि थांबलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा विते, म्हणून धरण तिला मानवतं.

आपल्या दख्खनच्या महाशीर माशाचं उलट आहे. सायक्स या इंग्रज अधिकारी-निसर्गअभ्यासकानं १८३९ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. वाट भिंतीनं अडली आणि वाळूउपशानं तळ उकरला गेला, तर त्यानं अंडी घालायची कुठं?

‘देशी मासा ठेक्यात परवडत नाही,’ असंही त्यात लिहिलंय. मच्छीमार संस्थेनं धरणातल्या मासेमारीच्या ठेक्याचे आणि बीजाचे पैसे भरलेले असतात. भोई बांधवांनी कटला धरू नये, असं कोणीच म्हणत नाही. धरणात बोटुकली खुशाल सोडा. नदीसाठी मागणं वेगळं आहे: उन्हाळ्यात डोह टिकतील एवढं पाणी सोडा, डोहांतला वाळूउपसा बंद करा आणि पहिल्या पुराला अंड्यांनिशी चढणाऱ्या माशांपुढं जाळी लावू नका.