‘फ्रॉड झाला म्हणा, तीन दिवसांत पैसे परत’: असं म्हणण्याआधी थांबा

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘फ्री ट्रायलच्या नावाखाली अ‍ॅपने पैसे कापले? बँकेला फोन करून फ्रॉड झाला म्हणा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने तीन दिवसांत पैसे परत येतात. अ‍ॅप डिलीट करा, कार्ड ब्लॉक करा. कंपनीला विचारत बसू नका. चोवीस तास आधी मेसेज आला नसेल तर कपातच बेकायदा. सरकारने सबस्क्रिप्शन ट्रॅपवर बंदी घातलीच आहे. ग्राहक मंचाच्या भानगडीत पडू नका, पाचशे रुपयांसाठी वकील कोण करणार?’

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य एखाद्या खऱ्या नियमाचं शेपूट धरून आलंय. म्हणूनच ते खरं वाटतं, आणि म्हणूनच माणूस चुकीच्या दारात जाऊन उभा राहतो.

आधी तीन दिवसांचं बघू. हा आकडा रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकातला. व्यवहार तुमच्या संमतीशिवाय झाला, चूक ना तुमची ना बँकेची, आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमच्यावर शून्य जबाबदारी. म्हणजे ही मुदत तुम्हाला आहे, बँकेला नाही. बँकेने तात्पुरती रक्कम जमा करायची ती दहा कामकाजाच्या दिवसांत, आणि तक्रारीचा निकाल लावायचा 90 दिवसांत. तेही अनधिकृत व्यवहार असेल तरच. ट्रायल घेताना यूपीआय पिन किंवा ओटीपी तुम्हीच टाकलेला असतो आणि बँकेकडे त्याची वेळेसकट नोंद असते. तक्रार ‘ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला व्यवहार’ म्हणून बंद होते, आणि त्या खटाटोपात अ‍ॅप स्टोअरकडे परतावा मागायची मुदत निघून जाते. नुकसान खरं इथे होतं.

मग पिन टाकताना आपण नेमकं काय मंजूर करतो? ऑटोपेच्या, म्हणजे हप्ते आपोआप कापायच्या मंजुरीच्या, त्या पानावर ठसठशीत दिसतो तो 1 रुपया. त्याखाली बारीक अक्षरांत: कमाल रक्कम समजा 999 रुपये, वारंवारता मासिक किंवा तिमाही, सुरुवातीची तारीख, आणि शेवटची तारीख कित्येकदा वीस-तीस वर्षांनंतरची. एक रुपया हा फक्त खातं तपासायला घेतलेला असतो. मंजुरी त्या 999 पर्यंतची असते. पुढच्या हप्त्यांना 15,000 रुपयांपर्यंत पुन्हा पिन लागत नाही, म्हणून सात दिवसांची ट्रायल संपली की आठव्या दिवशी फोन खिशात असतानाच पैसे जातात. हा फ्रॉड नव्हे, दिशाभूल करून घेतलेली संमती आहे. तक्रारीत हाच शब्द लिहा, कारण ‘फ्रॉड’ लिहिलंत की फाईल एका टेबलावर जाते आणि ‘दिशाभूल’ लिहिलंत की दुसऱ्या.

अ‍ॅप डिलीट करून काहीही थांबत नाही. सबस्क्रिप्शन फोनमध्ये नसतं, ते तुमच्या गूगल किंवा अ‍ॅपल खात्यावर किंवा त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं. कार्ड ब्लॉक करण्याचंही तसंच: यूपीआय ऑटोपे बँक खात्याला जोडलेलं असतं, डेबिट कार्डाला नाही. कार्ड बंद, हप्ता चालू! करायच्या गोष्टी दोन, आणि दोन्ही करायच्या. एक, सबस्क्रिप्शन रद्द करा: प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टॅप करून ‘पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स’, आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये वर आपल्या नावावर टॅप करून ‘सबस्क्रिप्शन्स’. दोन, ज्या यूपीआय अ‍ॅपमधून मंजुरी दिली तिथे ‘ऑटोपे’ शोधून मँडेट, म्हणजे तुम्ही दिलेली ती मंजुरी, रद्द करा. तिथे ‘पॉज’ आणि ‘रिव्होक’ असे पर्याय शेजारी शेजारी असतात. पॉज म्हणजे नुसता अर्धविराम, कायमचं रद्द करायला ‘रिव्होक’. नुसतं मँडेट रद्द केलं तर पैसे जायचे थांबतील, पण कंपनीच्या दप्तरी तुम्ही ग्राहकच राहता आणि थकबाकीचे मेसेज येत राहतात. मात्र रद्द करण्याआधी दोन्ही पानांचे स्क्रीनशॉट काढा. मँडेटचा क्रमांक, व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक (यूटीआर) आणि मंजुरीची तारीख पुढे प्रत्येक ठिकाणी विचारली जाते.

‘कंपनीला विचारत बसू नका’ हा त्या मेसेजमधला सगळ्यात वाईट सल्ला. परतावा लवकरात लवकर मिळतो तो पैसे घेणाऱ्याकडूनच, फक्त पैसे कोणी घेतले ते आधी पाहायचं. स्टेटमेंटवर गूगल असेल आणि पावतीचा क्रमांक ‘जीपीए’ने सुरू होत असेल, तर 48 तासांच्या आत प्ले स्टोअरच्या खात्यातूनच परतावा मागा, त्यानंतर गूगल बहुधा अ‍ॅप बनवणाऱ्याकडे बोट दाखवतं. अ‍ॅपलचं ‘रिपोर्ट अ प्रॉब्लेम’ हे वेगळं पान आहे, आणि रक्कम ‘पेंडिंग’ असेपर्यंत तिथे अर्ज घेतला जात नाही, एखादा दिवस थांबावं लागतं. स्टेटमेंटवर एखाद्या पेमेंट गेटवेचं किंवा कंपनीचंच नाव असेल, तर पैसे स्टोअरमधून गेलेलेच नाहीत. तिथे अर्ज करणं फुकट. अशा वेळी कंपनीला ईमेल करा. चॅटवर बोलू नका, चॅट पुसलं जातं. मजकूर एवढाच पुरे:

‘दि. __ रोजी 1 रुपयाची ट्रायल घेतली. जाहिरातीत व बटणावर फक्त “फ्री” असं होतं. पुढची रक्कम व तारीख बटणाखाली फिकट अक्षरांत होती (स्क्रीनशॉट जोडला आहे). दि. __ रोजी __ रुपये कापले गेले, यूटीआर __. त्यानंतर सेवा वापरलेली नाही. सबस्क्रिप्शन व मँडेट दि. __ रोजी रद्द केलं आहे. सात दिवसांत पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी.’

‘सेवा वापरलेली नाही’ हे खरं असेल तरच लिहा. कंपनीकडे लॉगिनची नोंद असते, आणि कपातीनंतर दोन सिनेमे बघून परतावा मागणाऱ्याला नकार देणं सोपं जातं.

पैसे क्रेडिट कार्डावरून गेले असतील आणि कंपनी दाद देत नसेल, तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो. इथेही कारण जुळलं पाहिजे. व्हिसा कार्डांच्या कारणांच्या यादीत 13.2 म्हणजे रद्द केल्यानंतरही कापलेला हप्ता आणि 13.5 म्हणजे दिशाभूल. पहिल्यासाठी कपातीच्या आधी रद्द केल्याचा पुरावा लागतो, दुसऱ्यासाठी जाहिरातीचा स्क्रीनशॉट. शाखेत असे आकडे सांगितले की समोरचा जरा सरळ बसतो, हा अनुषंगिक फायदा.

चोवीस तासांचा मुद्दा अर्धा खरा आहे. ई-मँडेटच्या नियमांनुसार कपातीच्या किमान 24 तास आधी सूचना आलीच पाहिजे. तिच्यात व्यापाऱ्याचं नाव, रक्कम, तारीख आणि कारण हवं, आणि तो हप्ता किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोयही हवी. पण सूचना एसएमएसनेच यावी असं नाही. ईमेलच्या प्रमोशन्स कप्प्यात आणि यूपीआय अ‍ॅपच्या नोटिफिकेशनमध्ये आधी शोधा. खरोखरच आली नसेल, तर ही चूक बँकेच्या साखळीतली आहे आणि बँकेकडे जायचं खरं कारण हेच. लेखी विचारा: सूचना कुठल्या मार्गाने, किती वाजता पाठवली, प्रत द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही; माहितीसाठी फोन 14448. कंपनीने फसवलं ही तक्रार मात्र लोकपाल ऐकत नाही, बँक चुकली एवढीच ऐकतो.

सबस्क्रिप्शन ट्रॅपवर बंदी आहे, हे खरं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नबद्दलची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या अ‍ॅप-वेबसाइटच्या रचनांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातल्या तेरा प्रकारांत हा एक आहे. रद्द करायचा पर्याय लपवणं त्यात येतंच, पण फुकट सबस्क्रिप्शनसाठी पेमेंटचे तपशील किंवा ऑटोडेबिटची मंजुरी द्यायला भाग पाडणं हेही येतं. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. पण बंदी आहे म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत, हा मुद्दा कुणीतरी कागदावर मांडावा लागतो. त्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, मराठीतही बोलता येतं, व्हॉट्सअ‍ॅप 8800001915. हेल्पलाइन निकाल देत नाही, तक्रार कंपनीपर्यंत नेते. कंपनीच्या ईमेलला उत्तर न आल्याची तारीख हातात असेल तर तक्रारीला वजन येतं.

आणि वकिलाचं? ग्राहक मंचाचं नाव आता जिल्हा आयोग आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. 499 रुपयांसाठी हेलपाटे घालणं परवडत नाही, हे कबूल. पण वर्षाची चार-पाच हजारांची वर्गणी एकदम कापली गेली असेल आणि कंपनीचा भारतात पत्ता असेल, तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज भरायला हरकत नाही.

परताव्याच्या मागे लागताना गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधू नका. असे बरेच नंबर ठगांचे असतात. ते परताव्याची लिंक पाठवतात, पिन टाकायला सांगतात किंवा स्क्रीन शेअर करायला लावतात. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही. तिथे पैसे गेले, किंवा ज्या अ‍ॅपचं नावही ऐकलेलं नाही त्याने मंजुरीशिवाय कापले, तर त्या फॉरवर्डमधला ‘फ्रॉड झाला म्हणा’ हा सल्ला लागू पडतो: लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930, मग बँक, आणि तीन कामकाजाचे दिवस मोजायला सुरुवात.