भूमितीच्या माथी मारलेली नास्तिकता

युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञाची, मोजक्या गृहीतकांवरून सारी प्रमेये सिद्ध करणारी भूमिती एकोणिसाव्या शतकात गणितज्ञांनी मोडीत काढली, त्यामुळे निरपेक्ष सत्यावरचा माणसाचा विश्वास उडाला आणि पुढे धर्म व नीती यांचाही पाया खचला, असे विधान वैचारिक चर्चांमध्ये अधूनमधून मोठ्या ठामपणे केले जाते. काही जण ते हळहळत करतात, तर काहींना ते करताना आनंदाच्या उकळ्या फुटतात. माझ्या मते दोघांचीही भिस्त ऐकीव गोष्टींवर आहे. युक्लिडचे एक गृहीतक नाकारणाऱ्या या नव्या, अयुक्लिडीय भूमितीने धर्माचे आणि तत्त्वज्ञानाचे पुरस्कर्ते शतकानुशतके वापरत आलेला एक दाखला तेवढा निकामी केला.

अनुभवाची मदत न घेता, निव्वळ विचाराच्या बळावर विश्वाविषयी पूर्ण खात्रीचे ज्ञान मिळू शकते का, अशी शंका कोणी काढली की युक्लिडकडे बोट दाखवले जाई. तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या १६७७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथाची मांडणी व्याख्या, गृहीतके आणि प्रमेये अशीच आहे आणि त्यात ईश्वराचे अस्तित्वही प्रमेयासारखे सिद्ध केलेले आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये अवकाश हा आपल्या आकलनाचाच साचा ठरवला आणि त्या साच्याचे नियम म्हणजे युक्लिडचे नियम, हे त्याला वेगळे सांगण्याचीही गरज वाटली नाही.

या भक्कम इमारतीत एकच वीट सुरुवातीपासून हलत होती, ती म्हणजे पाचवे गृहीतक. रेषेबाहेरील बिंदूतून तिला एक आणि एकच समांतर रेषा काढता येते, हे त्याचे आपल्याला शाळेत भेटणारे रूप. हे गृहीत न धरता इतर चार गृहीतकांवरून सिद्ध करता यावे, यासाठी उमर खय्याम आणि नासिरुद्दीन तूसी यांच्यासह अनेकांनी डोके शिणवले. जेसुइट धर्मगुरू असलेल्या सॅकेरी यांनी १७३३ मध्ये उलट बाजूने प्रयत्न केला. हे गृहीतक खोटे मानायचे आणि विसंगती दाखवायची, हा त्यांचा बेत होता. विसंगती काही सापडेना आणि नवनवी प्रमेये मात्र हाती लागत गेली. अखेरीस हे सारे सरळ रेषेच्या स्वभावाला मानवणारे नाही, असे म्हणून त्यांनी हात झटकले. नव्या भूमितीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेला हा माणूस तिथूनच मागे फिरला, पण त्याला मागे ओढले ते युक्लिडवरील निष्ठेने. बायबलचा त्यात काही संबंध नव्हता.

धर्म आणि भूमिती यांची प्रत्यक्ष गाठ पडली ती रशियातील कझान येथे. मिखाईल माग्नित्स्की या अधिकाऱ्याने १८१९ मध्ये तेथील विद्यापीठाची तपासणी केली आणि नास्तिक विचारांचा संसर्ग झालेली ही संस्था नष्टच करावी, अशी शिफारस केली. झारने ती मानली नाही, मात्र विद्यापीठ ‘सुधारण्याचे’ काम माग्नित्स्कीकडेच सोपवले. प्राध्यापकांना काढून टाकण्यात आले आणि अध्यापनात धार्मिकता दिसली पाहिजे, असा दंडक घातला गेला. त्या वातावरणात निकोल्स्की नावाच्या गणिताच्या प्राध्यापकांनी काटकोन त्रिकोणाच्या कर्णात सत्य आणि शांती, न्याय आणि प्रेम यांच्या मीलनाचे प्रतीक पाहिले. (पायथागोरसला हे कळले असते तर तोही चकित झाला असता.) याच विद्यापीठात, याच वर्षांत गणितज्ञ लोबाचेव्हस्की शिकवत होते. विद्यार्थिदशेत त्यांच्याविरुद्धही नास्तिकपणाची तक्रार झाली होती. १८२६ च्या फेब्रुवारीत त्यांनी पाचवे गृहीतक नाकारून उभारलेल्या आपल्या नव्या भूमितीविषयीचा निबंध सहकाऱ्यांपुढे मांडला. माग्नित्स्कीची गच्छंतीही त्याच वर्षी झाली.

आता छळ सुरू झाला असेल, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात १८२७ मध्ये लोबाचेव्हस्की विद्यापीठाचे रेक्टर, म्हणजे प्रमुख, झाले आणि १८४६ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्या भूमितीची १८३४ मध्ये एका नियतकालिकात यथेच्छ टवाळी झाली, पण तिचा सूर पाखंडाचा नव्हता. हा निव्वळ खुळचटपणा आहे, असे टीकाकाराचे म्हणणे होते. जर्मन गणितज्ञ गाऊसनेही आपले याच दिशेचे विचार प्रसिद्ध केले नाहीत. १८२९ मध्ये खगोलशास्त्रज्ञ बेसेल यांना लिहिलेल्या पत्रात त्याने ‘बिओशियनां’च्या आरडाओरड्याची भीती व्यक्त केली आहे. प्राचीन ग्रीसमध्ये मठ्ठपणाबद्दल ज्यांना हिणवत, ते हे बिओशियन. म्हणजे त्याला धास्ती होती ती न समजता बोलणाऱ्यांची. हंगेरियन यानोश बोलयाई यांचे स्वतंत्र संशोधन १८३२ मध्ये वडिलांच्या ग्रंथाची पुरवणी म्हणून छापले गेले आणि बराच काळ दुर्लक्षित राहिले.

‘युक्लिड खोटा ठरला, म्हणजे आता काहीही चालते’ हा निष्कर्ष तर गणिताच्याच विरोधात जातो. युक्लिडची भूमिती सुसंगत असेल तर नवी भूमितीही सुसंगतच असते, हे इटालियन गणितज्ञ बेल्ट्रामी यांच्या १८६८ मधील कामातून पुढे आले. लोबाचेव्हस्कीच्या भूमितीत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज नेहमीच १८० अंशांपेक्षा कमी भरते आणि ती जितकी कमी, तितके त्रिकोणाचे क्षेत्रफळ अधिक, अगदी ठरलेल्या प्रमाणात. तेथे आकार तोच ठेवून त्रिकोण मोठा करता येत नाही. कोन ठरले की बाजूही ठरतात. हे शिस्तीचे राज्य आहे, युक्लिडपेक्षा एका अर्थी कडकच. याला स्वैराचार म्हणणाऱ्याने त्यातले एखादे प्रमेय एकदा सोडवून पाहावे.

श्रद्धावंतांनी आणि बंडखोरांनी हीच भूमिती आपापल्या कामाला जुंपली, याचे मला अधिक कुतूहल वाटते. रशियन कादंबरीकार दोस्तोएव्हस्कीचा इव्हान करामाझोव म्हणतो की, समांतर रेषा अनंतात भेटतात हेही आपल्या युक्लिडीय बुद्धीला उमजत नसेल, तर ईश्वराविषयी काय उमजणार. (लोबाचेव्हस्कीच्या भूमितीत समांतर रेषा भेटत नाहीतच, उलट एका बिंदूतून अगणित समांतर रेषा निघतात, पण कादंबरीतील पात्राकडून सिद्धता कशाला मागा.) इंग्लंडमध्ये गणितज्ञ क्लिफर्ड यांनी लोबाचेव्हस्कीची तुलना कोपर्निकसशी केली आणि ते स्वतः धर्माचे कठोर टीकाकार होते. लाइपझिगचे खगोलभौतिकीविद त्सोल्नर तर १८७७ च्या सुमारास आत्म्यांशी संपर्क असल्याचा दावा करणाऱ्या स्लेड नावाच्या माध्यमाला बोलावून, टोके मोहोरबंद केलेल्या दोरीला पडणाऱ्या गाठी चौथ्या मितीतील आत्मे मारतात, असे सांगू लागले. हाच स्लेड आदल्या वर्षी लंडनमध्ये फसवणुकीच्या खटल्यात अडकला होता. एकाच गणितातून श्रद्धा, अश्रद्धा आणि भुताटकी असे तिन्ही निष्कर्ष निघत असतील, तर ते त्या गणितात मुळात नव्हतेच, असेच मी म्हणेन.

१९१९ च्या सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांनंतर आइन्स्टाइन यांच्या सिद्धांतातील वक्र, म्हणजेच अयुक्लिडीय, अवकाश वर्तमानपत्रांत पोहोचले आणि तीच चर्चा ‘सापेक्षता’ या नावाने पुन्हा रंगली. ब्रिटिश राजकारणी लॉर्ड हॉल्डेन यांनी इंग्लंडच्या चर्चचे प्रमुख धर्मगुरू, कँटरबरीचे आर्चबिशप डेव्हिडसन यांना सांगून ठेवले होते की, या सिद्धांताचा धर्मशास्त्रावर मोठा परिणाम होणार. डेव्हिडसन यांनी १९२१ मध्ये थेट आइन्स्टाइन यांनाच त्याबद्दल विचारले, तेव्हा काहीही परिणाम होणार नाही, हे निव्वळ विज्ञान आहे, असे उत्तर मिळाले. हे उत्तर आजही वाद मिटवण्यासाठी फेकले जाते. ग्रहणाची ती निरीक्षणे करणारे, स्वतः क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे असलेले खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांना मात्र ते पुरेसे वाटले नाही. चौथी मिती आणि आत्मे यांची खिचडी करणाऱ्यांना त्या काळी चुकवावेच लागे हे मान्य करूनही, एखादी गोष्ट विज्ञानाची आहे म्हणून तिचा धर्माशी संबंध नाही हा युक्तिवाद लंगडा असल्याचे त्यांनी १९३९ मध्ये लिहिले. मला एडिंग्टन यांचे म्हणणे पटते. ‘स्वयंसिद्ध’ म्हणून पुढे केलेल्या कोणत्याही विधानाकडे, मग ते धर्मपीठावरून आलेले असो वा प्रयोगशाळेतून, १८६८ नंतर पूर्वीच्याच निर्धास्तपणे पाहता येत नाही, आणि हा परिणाम लहान मुळीच नाही.