पायाला आराम, पोटाला काम

मी पडलो तो आंब्याच्या साटांपायी, म्हणजे आंबापोळीपायी. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाडीत या पडण्याच्या चार कथा फिरतायत आणि त्यातल्या एकीत मी माडावरून पडलोय. माझ्या वजनाचा माणूस चढायला लागला तर आधी माडच पडेल, एवढासुद्धा विचार कोणी केला नाही.

जूनचा पहिला आठवडा होता. मृग दोन दिवसांवर आलेला आणि खळ्यात शेवटची साटं ताटांतून वाळत पडलेली. दुपारी मालवणच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि आतून आई ओरडली, "साटां भिजतली रे!" शेणाने सारवलेल्या खळ्यावर पावसाचे चार थेंब पडले की काय होतं, हे कोकणात जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. म्हणून मलाही कोणी सांगितलं नव्हतं. दोन्ही हातांत ताटं, डावा पाय आत वळला आणि कडकन आवाज झाला. मला वाटलं पोफळीची झावळ पडली. साटं मात्र मी शेवटपर्यंत वर धरून ठेवली, एक तुकडा खाली जाऊ दिला नाही. आईने धावत येऊन आधी ताटं घेतली, मग माझ्याकडे पाहिलं.

तळपायात करंगळीच्या मागे एक लांबट हाड असतं, त्याचं घोट्याकडचं टोक तुटलं होतं. पाय आत मुरगळला की तिथला स्नायू जोरात ओढला जातो आणि जाताना हाडाचा कपचा घेऊन जातो, असं डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून समजावलं. सहा आठवडे प्लास्टर. "या पायावर अजिबात वजन द्यायचं नाही," ते म्हणाले. मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "आणि एकंदर वजनाचंही जरा बघा." उंची पाच फूट पाच इंच, वजन ८० किलो. त्यांनी काहीतरी भागाकार केला, उत्तर २९ आलं. आपल्याकडे म्हणे २३ च्या वर वजन जास्त धरतात आणि २५ च्या वर लठ्ठ. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या वेळी पस्तीसशिवाय पास करत नसत. ते हसले नाहीत. उपाशीही राहू नका, हाड जुळायला प्रथिनं लागतात, कॅल्शियम लागतं, 'ड' जीवनसत्त्वासाठी कोवळ्या उन्हात बसा, असं त्यांनी सांगितलं. कोकणात, जूनमध्ये, कोवळं ऊन. जे होतं ते साटांनी आधीच वापरून टाकलं होतं.

तर हाड जुळवायचं आणि माणूस उतरवायचा, असा दुहेरी कार्यक्रम ठरला. घरच्यांनी त्यातला पहिला अर्धा तेवढा ऐकला.

आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हाताने भेटायची पद्धत नाही, आणि पाय मोडलेल्यासाठी प्रत्येकाकडे एक हमखास उपाय असतो. गंमत अशी, की लेप लावायचे उपाय कुणाला आठवत नाहीत. एका आजोबांनी हाडजोडीच्या वेलाच्या चार कांड्या आणून दिल्या, तेवढाच काय तो अपवाद. बाकी सगळे उपाय खायचे. पहिला पाऊस झाल्यावर शेतात खेकडे निघतात, ओहोळातून चढणीचे मासे येतात. खालच्या वाडीतल्या पोरांनी रात्री बॅटऱ्या घेऊन पकडलेल्या कुर्ल्या सकाळी आमच्या पडवीत. "रस्सो पी, हाडाक बरो!" एका मित्राने बाजारातून बकऱ्याचे पाय आणून दिले. पायाला पायाच लागतो, यावर त्याची अढळ श्रद्धा. शेजारच्या काकींनी नाचणीचं सत्त्व आणलं. त्यांचा मुद्दा खरा होता, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण त्या नाचणीला सोबत म्हणून त्यांनी नारळाचा रस, गूळ आणि तुपाची धारही पाठवली होती. पायासाठी आलेली प्रत्येक गोष्ट पोटावरून जात होती आणि वाटेत पोटातच वस्तीला राहत होती.

नाही म्हणून पाहिलं. आई म्हणाली, "बारीक झालंस तर लोकां म्हणतली, आवस खावक घालीना." या वाक्याला उत्तर नाही. तिचं वय ऐंशी आणि माझं पन्नास, तरी नाही.

माझा भरवसा होता तो माशांवर. तव्यावरचा साधा बांगडा, भात अर्धा, असा बेत मी मनात आखला होता. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. किनाऱ्यावर राहून मी नेमका माशांच्या सुट्टीत पाय मोडून घेतला होता. मग माळ्यावरचा सुका बांगडा खाली आला. निखाऱ्यावर भाजलेला, वर खोबरेल तेलाचे चार थेंब. हा मासा एकटा येत नाही, तो उकड्या तांदळाची पेज घेऊन येतो. पहिली वाटी बांगड्यासाठी, दुसरी उरलेल्या बांगड्यासाठी, तिसरी पेज उरली म्हणून.

लेक पुण्याला शिकते. तिने माझ्या मोबाइलमध्ये खाल्लेलं मोजायचं अ‍ॅप टाकून दिलं आणि रोज रात्री फोनवरून उलटतपासणी सुरू केली. एक किलो चरबी म्हणजे जवळजवळ ७७०० कॅलरी, हे मला तिच्याकडून कळलं. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशे आणि तेवढ्याच काजूत साडेपाचशेच्या वर, हेही कळलं. ज्या घरात नारळ हा पदार्थ न मानता पाण्यासारखा वापरतात, तिथे हे ऐकून काय करायचं? सोलकढी तर मी औषधात धरत होतो. "बाबा, ती नारळाचं दूध आहे!" पोरगी ओरडली. पण मला लवकरच एक पळवाट सापडली. त्या अ‍ॅपमध्ये पिझ्झा सात तऱ्हांचा होता, पण शिरवाळे नव्हते, खापरोळी नव्हती, घावण्याचा पत्ता नव्हता. यादीत नाही त्याची कॅलरी नाही, असा नियम करून मी दोन आठवडे अत्यंत काटेकोर नोंदी ठेवल्या. आलेख सुरेख उतरत होता.

व्यायाम मात्र मी खरंच केला, कुणी काही म्हणो. तालुक्याच्या गावातल्या फिजिओथेरपिस्ट मुलीने शिकवलं होतं. पाठीवर झोपून प्लास्टरचा पाय सरळ वर उचलायचा आणि दहा आकडे धरायचा. "प्लास्टरच तुमचं वजन, काका." मग खुर्चीत बसून दोन्ही हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन दंडाचे व्यायाम. घरात रिकाम्या बाटल्या नव्हत्या, भरलेल्या होत्या, अमृत कोकमच्या. लिटर-लिटरच्या दोन. सकाळी वीस, संध्याकाळी वीस. व्यायामाने तहान लागते. तिसऱ्या आठवड्यात बाटल्या इतक्या सहज वर जायला लागल्या, की दंडात ताकद आली असं मला वाटलं. बायकोने उजेडात धरून पाहिल्या. कोकम फक्त नावाला, बाकी साखर असते ती, हे मला घरात बसून दरवर्षी ती करताना बघूनही आठवलं नव्हतं.

कुबड्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. भार हाताच्या मुठीवर घ्यायचा, काखेत नाही, नाहीतर काखेतली शीर दबून हात बधिर होतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. हे सगळं इस्पितळाच्या गुळगुळीत फरशीवर मला उत्तम जमलं. घरी मात्र तीन उंबरठे, दोन ठेंगणी दारं आणि न्हाणी खळ्याच्या पलीकडे. प्लास्टरला पाणी लागू नये म्हणून पाय खताच्या पिशवीत घालून सुंभाने बांधायचा, डोक्यावर इरलं, आणि कुबडीचं रबर लाल चिखलात असं रुतायचं की उपटताना चुळूक असा आवाज यायचा. त्या वीस पावलांना मला जेवढा घाम यायचा तेवढा चिवल्याच्या किनाऱ्यावर तासभर चालूनही कधी आला नव्हता. अ‍ॅपमध्ये तो व्यायामही नव्हता. मी म्हटलं, चला, फिटंफाट.

बसल्या जागी हाताला काम असावं, म्हणून घरच्यांनी आठळ्या सोलायला दिल्या. मग भिजवलेले काजूगर. सोलताना किती तोंडात गेले याची नोंद नाही. यादीत काजू होते, पण काजूगर नव्हते.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं. हाड छान जुळलं होतं. पायाकडे पाहून मात्र मी हबकलो. डावी पोटरी उजवीच्या पाऊण राहिली होती, कातडी सालपटासारखी सुटत होती. वापरला नाही की स्नायू झडतो, डॉक्टर म्हणाले. एवढ्या खटाटोपानंतर माझ्या देहात बारीक झालेली ती एकमेव जागा होती, आणि तीच आता पुन्हा भरून काढायची होती. टॉवेल जमिनीवर पसरून बोटांनी गोळा करा, टाचा उचला, हळूहळू चाला.

परत येताना रिक्षा भाताच्या गिरणीपाशी थांबवली. आमच्या घरचा काटा बिघडलेला, आणि जूनमध्ये एका पायावर उभं राहता येईना म्हणून मी याच गिरणीतल्या वजनकाट्यावर खुर्ची टाकून बसलो होतो. खुर्ची आणि प्लास्टर वजा जाता तेव्हा ८० भरलं होतं, गिरणीवाल्याने ते खडूने फळीवर लिहूनही ठेवलं होतं, कुणाच्या तरी दोन मण भाताच्या खाली. आज मी दोन्ही पायांवर, काठी बाहेर ठेवून, श्वास रोखून उभा राहिलो. गिरणीवाल्याने वजनं घातली, काढली, पुन्हा घातली.

"त्र्याऐंशी."

"काट्यात काही खोट?"

त्याने मला भाताच्या पोत्याकडे बघावं तसं निरखून पाहिलं. "काट्यात खोट नाय. भात वलो असा. दोन दिवस खळ्यात घाला, वाळात."

म्हटलं, खळ्यातूनच आलोय बाबा.