नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

नागपूरचं अधिवेशन सुरू झालं की माझं फेसबुक जॅकेट घालून बसतं. आमदारसाहेब जॅकेटात, पीए जॅकेटात, इथून दोन गाड्या भरून गेलेली आमची पोरं पण जॅकेटात, विधानभवनासमोर ओळीनं उभी. पाठोपाठ तर्री पोह्याची प्लेट, झिरो माइलचा खांब, आणि मग ती पोस्ट येतेच येते, "मतदारसंघातील विविध प्रश्नांवर सभागृहात जोरदार आवाज उठवला". खाली कमेंटी, बुलंद आवाज, मंत्रिपद फिक्स, दादा म्हणजे काळीज. मी पण लाइक करते, खोटं कशाला सांगू, दुकान याच गावात चालवायचंय.

दुकान म्हणजे झेरॉक्स आणि डीटीपी, तहसीलच्या समोरच्या गल्लीत, सतरा वर्षं झाली. निम्मा धंदा निवेदनं टाइप करण्याचा. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक निवेदन सादर करतो की" हे माझ्या बोटांना इतकं पाठ झालंय की लाइट गेली तरी टाइप होईल. पाणंद रस्ता, जळालेला डीपी, घरकुलाचा अडकलेला हप्ता, पीकविमा. साहेबांच्या हातात हार घालता घालता जी निवेदनं कोंबली जातात ना फोटोत, त्यातली बरीच माझ्या प्रिंटरमधून निघालेली असतात, त्यामुळे त्यांचं पुढं काय झालं याची मला इतरांपेक्षा जरा जास्त खाज आहे असं समजा.

तर आता सांगते कशावरून डोकं फिरलं.

पावसाळी अधिवेशनात साहेबांचं एक रील आलं होतं. आमच्या ग्रामीण रुग्णालयाबद्दल. तीस खाटांचं आहे, पन्नास खाटांचं उपजिल्हा रुग्णालय करा म्हणून गाव किती वर्षं मागतंय मोजायचं सोडलंय. श्रेणीवर्धन हा शब्द आमच्याकडं भाजीवाल्या मावशींना पण येतो. माझी जाऊ बाळंतपणाला नेली तेव्हा रात्री दीडला "जिल्ह्याला घेऊन जा" म्हणून चिठ्ठी हातात दिली, भूल देणारे डॉक्टर नाहीत म्हणून, तेव्हापासून घरात तो विषय निघाला की सासूबाई देवासमोर जाऊन बसतात. असो. तर रीलमध्ये साहेब उभे, हातात कागद, मागं ढोल, आणि खरं सांगते साहेब चांगलं बोलले. आकडे होते, पदं किती रिकामी ते होतं, "अध्यक्ष महोदय, हे शासन करणार तरी कधी?" इथं आवाज चढला, आणि तिथंच रील संपलं. चित्र थांबलं, वर चिन्ह, खाली "लढवय्या". बारा हजार व्ह्यूज.

माझा साधा प्रश्न. मंत्री काय म्हणाले?

कोणीच विचारलं नाही, मी पण नाही तेव्हा. दिवाळीत दुकान जरा मोकळं होतं म्हणून शोधत बसले. सभागृहाचं कामकाज यूट्यूबवर लाइव्ह असतं, नंतर पण बघता येतं, पण ते तासन्‌तास लांब, त्यात आपल्या गावाचं नाव शोधायचं म्हणजे धान्यात खडा शोधण्यासारखं. दोन दिवस लागले, लॅमिनेशन करत करत बघितलं. आणि सापडलं. साहेब खाली बसल्यावर मंत्री उठले आणि एक मिनिटभर बोलले. म्हणाले प्रस्ताव आलेला आहे, पण वाढीव इमारतीसाठी जी जागा दाखवलीय ती अजून आरोग्य विभागाच्या नावावर नाही, सातबाऱ्यावर नाव लागलं की पुढची कार्यवाही करू.

फेरफार! एवढ्या वर्षांची लढाई आणि अडलं कुठं तर फेरफारावर, माझ्या दुकानापासून चाळीस पावलांवर असलेल्या कचेरीत. आमच्याकडं एक रिटायर्ड तलाठी काका पेन्शनच्या कागदांना येतात, त्यांना व्हिडिओ दाखवला तर चष्मा वर करून म्हणाले, "पोरी, हे आम्हाला जुलैतच का नाही सांगितलं कुणी?" मग काकांनीच ठरावाची नक्कल काढायला लावली, अर्ज मी टाइप केला (पैसे नाही घेतले, काकांनी चहा पाजला), आता नोटीस निघालीय, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत चालू आहे. होईल न होईल पुढचं पुढं. पण जुलै ते दिवाळी हे महिने गेले ना, ते त्या कापलेल्या एका मिनिटात गेले.

रील बनवणाऱ्या पोराला मी ओळखते, माझ्याकडंच बारावीचे फॉर्म भरले त्यानं. त्याला विचारलं, तर म्हणाला, "ताई, मंत्र्याचं बोलणं ठेवलं तर साहेब फिके पडतात, आणि लोक तिथं स्किप करतात." झालं. म्हणजे जे आम्हाला कामाचं होतं तेच स्किप.

आता विधिमंडळाच्या वेबसाइटवर तारांकित प्रश्नोत्तरांच्या (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या) याद्या पीडीएफमध्ये असतात, त्या वाचायची मला चटकच लागलीय. कुणी वाचत नाही, पण वाचा एकदा, मजा आहे. सगळे प्रश्न एकाच साच्यात. "अमुक तालुक्यात तमुक झाले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" विषय कुठलाही असो, मुरूम असो की मध्यान्ह भोजन, शेवटचं वाक्य तेच. आणि उत्तरं तर अजून भारी. "हे खरे आहे." "हे अंशतः खरे आहे." "हे खरे नाही." आणि शेवटच्या विलंबाच्या कारणांपुढं, "प्रश्न उद्भवत नाही." परवा नवऱ्यानं विचारलं स्वयंपाकाला उशीर का, मी म्हटलं प्रश्न उद्भवत नाही.

पण चेष्टा बाजूला ठेवली तर त्या "अंशतः खरे आहे" च्या खालीच सगळा माल असतो. कुठली फाईल कुठल्या विभागाकडं, पदनिर्मिती वित्त विभागाकडं अडकली की आकृतिबंधात (मंजूर पदांच्या तक्त्यात) नाही म्हणून, निविदा निघाली का, ठेकेदाराला नोटीस दिली का. आम्ही दुकानात बसून जे वर्षानुवर्षं अंदाज लावतो ते तिथं मंत्र्याच्या उत्तरात छापलेलं असतं. आणि आमदाराच्या पोस्टमध्ये काय असतं, तर "आवाज उठवला". आवाज तर माझ्या गिरणीवाल्या शेजाऱ्याचा पण मोठा आहे.

मंत्र्यांचे शब्द कसे मोजायचे हे पण कळायला लागलंय हळूहळू. "शासन सकारात्मक आहे" म्हणजे काही नाही. "तपासून पाहू" म्हणजे काही नाही, पण सभ्यपणे. "अधिवेशन संपायच्या आत बैठक लावू" यात जरा धग असते. आणि "अमुक महिन्यांत निर्णय घेण्यात येईल" असं सभागृहात बोलून गेले तर ते आश्वासन धरलं जातं, त्याच्यासाठी विधिमंडळात वेगळी आश्वासन समितीच आहे, पूर्तता झाली का ते बघायला. मग साहेब, आपल्या मतदारसंघाबद्दल सभागृहात आतापर्यंत किती आश्वासनं मिळाली, त्यातली किती पुरी झाली, याची एक पोस्ट टाका की. फोटो नसला तरी चालेल. तो जॅकेटवालाच परत लावा.

२०२४ च्या डिसेंबरचं अधिवेशन आठवतंय का? १५ तारखेला नागपुरात मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ला अधिवेशन सुरू, आणि खातेवाटप झालं २१ ला रात्री, अधिवेशन संपल्यावर. म्हणजे आठवडाभर मंत्री होते पण खाती नव्हती. आरोग्याचं विचारायचं तर कुणाला? १९५३ च्या नागपूर करारात ठरलं म्हणून वर्षातून एक अधिवेशन तिकडं होतं, विदर्भाच्या लोकांना वाटावं की सरकार आपल्या दारात आलंय, आणि दारात आलेल्या सरकारात कुठलं खातं कुणाकडं हेच ठरलेलं नाही. बरं, त्या आठवड्यातल्या फेसबुक पोस्टी काढून बघा. त्याच. जोरदार आवाज उठवला. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की या पोस्टींचा उत्तराशी काही संबंधच नसतो.

साहेबांची बाजू पण समजते मला. विधानसभेत २८८ जण. प्रत्येकाला वाटतं माझा पाणीप्रश्न पहिला. प्रश्न महिनाभर आधी टाकायचे, त्यातले निवडले जाणार, निवडले तरी यादीत खाली असले तर प्रश्नोत्तराचा तास संपतो आणि नंबर येत नाही. लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्याचं लक्ष वेधायची सूचना) लागली तर कधी रात्री नऊला, समोर निम्मी बाकं रिकामी. एखाद्या दिवशी गोंधळात कामकाज तहकूब. विरोधक पायऱ्यांवर, कधी कांद्याच्या माळा, कधी संत्र्याच्या. यात एका आमदाराचा काय दोष. पण मग तसंच सांगा ना, "आज आपला प्रश्न यादीत होता, नंबर लागला नाही, लेखी उत्तर सोबत जोडलंय." देवाशपथ सांगते, असली पोस्ट मी नुसती लाइक नाही, दुकानाच्या काचेवर प्रिंट मारून लावीन. लोकांना वाटतंय तुम्ही हरलात असं काही होत नाही हो. लोक शेतीतले आहेत, नंबर न लागणं त्यांना रोज कळतं. कांदा घेऊन बाजार समितीत रात्रभर थांबलेत ते.

आणि असं करता येतं याचा पुरावा आमच्याच घरात आहे. माझी नणंद शिक्षिका, अंशतः अनुदानित शाळेत. तिच्या ग्रुपवर अधिवेशन काळात बघा, अनुदानाच्या टप्प्यावर आज काय झालं, मंत्री नेमकं काय म्हणाले, कुठला शब्द वापरला, जीआरमध्ये कुठल्या ओळीला गोम आहे, रात्री अकरापर्यंत चर्चा. विधान परिषदेच्या ७८ जागांत शिक्षकांच्या सात आहेत, आणि त्यांचे आमदार पीडीएफ टाकतात, पूर्ण व्हिडिओ टाकतात. ते काही फार वेगळे लोक आहेत म्हणून नाही, तर मतदार मास्तर आहेत आणि ते पेपर तपासतात. नणंदेला मंत्र्याचं वाक्य अर्धवट पाठवलं तर ती फोन करते, "सर, पुढचं कुठाय?" आमच्याकडं पुढचं कुठाय विचारणारं कोणी नाही. आम्ही "दादा म्हणजे काळीज" लिहितो. तर दोष निम्मा आमचा, लिहून टाकते.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले, एसटीनं फिरायचे. माझे वडील सांगायचे त्यांच्याबद्दल, आणि आम्हाला वाटायचं म्हाताऱ्या माणसांना जुनं ते सोनं वाटतं. पण एसटीत बसलेल्या आमदाराला शेजारचा माणूस विचारणारच ना, काय झालं वो आमच्या पाण्याचं. रीलला शेजारी कुठं असतो.

अजून एक, ते "मंजूर" चे बॅनर. पुरवणी मागण्यांत (अर्थसंकल्पानंतर मागितलेल्या जादा खर्चात) नाव आलं की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स, इतके कोटी मंजूर. फ्लेक्सचं डिझाइन माझ्याकडंच येतं म्हणून बोलते. अर्थसंकल्पात आलं, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश, मग जेसीबी. एकाच पुलाचे मी आतापर्यंत तीन फ्लेक्स केलेत, तिन्हीवर मंजूर, पूल अजून नाही. मी पैसे घेतले तिन्हींचे, ते पण सांगते, नाहीतर म्हणाल ताई लई शहाणी. पण फ्लेक्सवर नेमकी पायरी लिहा की राव, "प्रशासकीय मान्यता मिळाली, निविदा बाकी". अक्षरं बसवते मी, साइज वाढवावा लागणार नाही.

हे सगळं काल थोडक्यात साहेबांच्या पोस्टखाली लिहिलं होतं, फार नाही, सहा-सात ओळी, भाषा पण नीट होती. शेवटी त्यांच्याच साच्यात विचारलं, रुग्णालयाच्या प्रश्नावर मिळालेले उत्तर मतदारांना कळविले आहे, हे खरे आहे काय; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. अर्ध्या तासात कमेंट गायब. रात्री पीएंचा मेसेज, हात जोडल्याचे तीन इमोजी आणि "ताई, गैरसमज नको, साहेब आले की समक्ष भेटून बोलू". म्हणून इथं माझ्या भिंतीवर लिहिलं, इथलं तरी कोणी पुसणार नाही.

भेटायला काही हरकत नाही. दुकान साडेनऊला उघडतं, गुरुवारी बाजार असतो तेवढा सोडून कधीही या. येताना या अधिवेशनात मिळालेली उत्तरं तेवढी घेऊन या, झेरॉक्स मी फुकट काढून देते, तालुक्यात वाटायला जितक्या लागतील तितक्या.