‘मास्क दिला होता, त्यांनीच घातला नाही’ : गटारातल्या मृत्यूंवर फिरणाऱ्या मजकुराला उत्तर

गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये गुदमरून कामगार गेल्याची बातमी आली की नागपुरात बेसा-मनीषनगरपासून जरीपटक्यापर्यंत सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा गाभा असा : हाताने मैला उपसणं कायद्याने कधीच बंद झालंय, आता जे मरतात ते स्वतःच्या हलगर्जीपणाने, कारण मास्क देऊनही घालत नाहीत आणि दारू पिऊन उतरतात, आपल्या अरुंद गल्ल्यांत मशीन जात नाही, म्हणून माणूस लागतोच, ते राजीखुशीने येतात, पैसे घेतात, आणि मानवाधिकारवाले नुसता आरडाओरडा करतात, त्याने जगात कुठे काही बदललेलं नाही.

वाचताना हे समजूतदारपणाचं वाटतं, म्हणूनच ते धोक्याचं आहे. हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपैकी अनेकांना येत्या वर्षा-दोन वर्षांत घरचा टँक उपसायला कोणाला तरी बोलवायचं आहे. तेव्हा उत्तर नीट, तपशिलात देऊ.

‘मास्क दिला होता’

कोणता मास्क? कापडी, सर्जिकल आणि एन-95 हे तिन्ही धूळ आणि थेंब अडवतात. गटारात जीव घेतो तो विषारी वायू आणि हवेतला ऑक्सिजनचा तुटवडा. गाळणीचा डबा असलेला मास्क काही वायू शोषतो, पण आत ऑक्सिजनच नसेल तर तो मास्क तयार करू शकत नाही. आत जायचंच झालं तर पाठीवर हवेचं सिलिंडर हवं, नाहीतर बाहेरून नळीने ताजी हवा पुरवणारा मुखवटा.

मोकळ्या हवेत ऑक्सिजन 20.9 टक्के असतो. तो 19.5 च्या खाली गेला की जागा धोक्याची धरतात. 10 च्या खाली शुद्ध हरपते. 6 च्या आसपास दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. शिडीला हात घालायलाही वेळ मिळत नाही. दुसरा मारेकरी हायड्रोजन सल्फाइड. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचतो. थोड्या प्रमाणात असताना सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण 100 पीपीएमच्या वर, म्हणजे हवेच्या दहा हजार भागांत एका भागाच्या पुढे गेलं की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. चेंबरच्या तोंडाशी उभा असलेला मुकादम ‘वास कमी झाला, उतर’ म्हणतो, तेव्हा कित्येकदा वायू वाढलेला असतो. 1000 पीपीएमच्या घरात तर एक-दोन श्वास पुरतात. तिसरा मिथेन, हवेत 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीने पेटणारा. म्हणून दोरीला दिवा बांधून आत सोडायची जुनी रीत कामाची नाही. ऑक्सिजन माणसासाठी अपुरा असतानाही ज्योत जळत राहू शकते, हायड्रोजन सल्फाइड तिला कळत नाही, आणि मिथेन असला तर भडका. आत झुरळं जिवंत दिसली म्हणजे हवा ठीक, हा समजही तितकाच फसवा आहे.

खरी तपासणी एका छोट्या यंत्राने होते. ते ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेटणारे वायू असं चारही एकदम मोजतं. दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी अशा तीन पातळ्यांवर वाचन घ्यायचं. त्याआधी पुढचं आणि मागचं चेंबरही उघडून निदान तासभर मोकळं ठेवायचं, ब्लोअरने हवा भरायची. इतकं करूनही घात होतो तो इथे : वायू गाळात कोंडलेला असतो. पावडं लागलं, पाय पडला की तो एकदम सुटतो. दहा मिनिटांपूर्वीचं वाचन तेव्हा निरुपयोगी ठरतं, म्हणून यंत्र काम संपेपर्यंत कामगाराच्या छातीवर चालू राहावं लागतं.

आता ‘दिला होता’ बद्दल. केंद्र सरकारने 2022 आणि 2023 मधल्या अशा 54 मृत्यूंचं सामाजिक लेखापरीक्षण करवून घेतलं आणि त्याची माहिती जुलै 2025 मध्ये संसदेत दिली. 54 पैकी 49 जणांच्या अंगावर एकही सुरक्षा साधन नव्हतं. मजकूर इथवरच सांगतो. त्याच पाहणीत पुढे आहे की 47 प्रकरणांत यंत्र किंवा सुरक्षा साधनं पुरवलेलीच नव्हती. जे हातात दिलंच नाही, ते घातलं नाही म्हणून मेलेल्या माणसाला दोष द्यायचा, हे आम्हाला अत्यंत क्रूर वाटतं.

‘दारू पिऊन उतरतात’

काही जण पितात. शुद्धीवर राहून त्या घाणीत मानेपर्यंत उतरवत नाही, हे त्याचं कारण. पण 6 टक्के ऑक्सिजनमध्ये न प्यालेला माणूसही तितक्याच वेगाने पडतो. आणि प्यालेला माणूस दिसत असताना त्याला चेंबरपाशी जाऊ देणारा कोण?

दारूचा मुद्दा आणखी एका ठिकाणी कोसळतो. एकाला वाचवायला दुसरा, त्याच्यामागे तिसरा, आणि तिघंही गेले, अशा बातम्या आपण सतत वाचतो. कधी त्यात घरमालकाचा मुलगा असतो, कधी शेजारी. अमेरिकेच्या निओश या कामगार सुरक्षा संस्थेने 1986 मध्येच नोंदवलं होतं की बंदिस्त जागांमधल्या मृतांत 60 टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. म्हणून कोणी आत पडला तर मागे उतरू नका. 101 ला, म्हणजे अग्निशमन दलाला फोन करून ‘सिलिंडरचे मुखवटे घेऊन या’ असं स्पष्ट सांगा, शेजारची झाकणं उघडा, ब्लोअर किंवा मोठा पंखा लावून हवा आत ढकला. माणूस आधीच पूर्ण शरीराला बसणाऱ्या पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये आणि वर तिकाटण्याला लावलेल्या चरखीला बांधलेला असेल, तर आत न उतरता त्याला ओढता येतं. कमरेला नुसती दोरी असेल तर बेशुद्ध शरीर दुमडतं आणि दोन फुटांच्या तोंडातून वर येत नाही.

‘कायद्याने हे केव्हाच बंद झालं’

हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा 6 डिसेंबर 2013 पासून लागू आहे. त्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या ‘धोकादायक सफाई’वर बंदी घातली, पण व्याख्या अशी केली की सुरक्षा साधनं आणि खबरदारी न देता करवून घेतलेली सफाईच धोकादायक. साधनं दिल्याचं दाखवलं की दार किलकिलं उरतं. नियमांत यंत्र पोचत नाही तिथलं तुटलेलं झाकण काढणं, सांडपाण्याच्या विहिरीच्या तळाचा पंप काढणं असे मोजके अपवाद आहेत. त्यापलीकडे माणूस उतरवायचा तर स्थानिक संस्थेच्या प्रमुख अधिकाऱ्याची कारणासह लेखी परवानगी लागते. ठेकेदाराच्या तोंडी हुकुमाला कायद्यात किंमत नाही. शिक्षा पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केला तर 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कलम 7 ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं, म्हणजे सोसायटीचा सचिवही त्यात आला.

कागदावर बंदी असताना 2019 ते 2023 या पाच वर्षांत देशात 377 माणसं अशी गेली, हा सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे. बंद झालेल्या कामात इतकी माणसं मरत नसतात.

‘अरुंद गल्लीत मशीन जात नाही’

महाल-इतवारीच्या गल्ल्या डोळ्यांसमोर ठेवून हे म्हटलं जातं. मैला खेचणारा (सक्शन) आणि पाण्याचा जोरदार मारा करणारा (जेटिंग) मोठा ट्रक तिथे वळत नाही, हे खरं. हैदराबादच्या पाणीपुरवठा मंडळापुढे हीच अडचण होती. त्यांनी 2017 मध्ये छोट्या गाड्यांवर बसवलेली 70 जेटिंग मशीन रस्त्यावर आणली, तीही दलित उद्योजकांच्या मालकीची, पुण्यातून उभ्या राहिलेल्या डिक्की या दलित उद्योजकांच्याच संघटनेच्या मदतीने. दिल्लीने 2019 मध्ये तशीच 200 आणली. तिरुअनंतपुरमच्या तरुण अभियंत्यांनी केलेला बँडिकूट हा यंत्रमानव 2018 पासून चेंबरमध्ये उतरून कॅमेऱ्याने बघत गाळ भरून वर आणतो. भांडेवाडीत सांडपाणी शुद्ध करून ते कोराडीच्या वीज केंद्राला पुरवणाऱ्या शहराला ही यंत्रं आवाक्याबाहेरची नाहीत.

यंत्र अडतं ते दुसऱ्याच गोष्टींनी. जेटिंगच्या पाण्याचा मारा गाळ आणि तेलकट थर फोडतो. विटांचे तुकडे, सिमेंटचा लगदा, सॅनिटरी पॅड आणि चिंध्यांचा गोळा त्याने सुटत नाही. त्याला पकडीची बादली किंवा लांब सळई आत सारणारं रॉडिंग मशीन लागतं. डांबरीकरणात गडप झालेली, नाहीतर घराच्या ओट्याखाली गेलेली चेंबरं यंत्राला सापडत नाहीत. म्हणजे गडर लाईन चोक झाली की माणूस उतरवायची वेळ आणतो तो बांधकामाचा मलबा आत ढकलणारा आणि झाकणावर ओटा बांधणारा.

सेप्टिक टँकची गोष्ट तर अजून साधी आहे. शहराच्या कडेच्या ज्या लेआऊटमध्ये गडर लाईन पोचलेली नाही, तिथे टँकर येतो, नळी सोडतो, वरचं पाणी आणि पातळ मैला खेचून घेतो. तळाशी घट्ट थर उरतो. इथेच घरमालक म्हणतो, ‘पैसे पूर्ण दिलेत, टँक पूर्ण साफ करून द्या.’ मग एक जण घमेलं घेऊन उतरतो. ही मागणीच चुकीची आहे. टँकमधल्या जिवाणूंचं काम लगेच पुन्हा सुरू व्हावं म्हणून तळाशी थोडा गाळ राहू द्यायचा असतो. थर फारच घट्ट असेल तर वरून पाण्याचा मारा करून तो सैल करायचा आणि पुन्हा खेचायचा, दोन वेळा, तीन वेळा. दर दोन-तीन वर्षांनी उपसा केला तर थर दगडासारखा होतच नाही. दहा-दहा वर्षं झाकण न उघडणाऱ्यांच्या टँकमध्ये तो होतो.

नव्या बांधकामातला धोका तर कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. स्लॅब टाकून महिनाभर बंद राहिलेल्या नव्या टँकमध्ये सेंट्रिंगच्या फळ्या काढायला मजूर उतरतो. आत मैला नाही, वास नाही. पण ओलं, कुजतं लाकूड आणि साचलेलं पाणी यांनी आतला ऑक्सिजन खाऊन टाकलेला असतो. तिथेही तोच नियम : आधी हवा भरा, मोजा, मगच उतरवा.

‘राजीखुशीने येतात’

वर सांगितलेल्या 54 प्रकरणांपैकी 27 मध्ये कामगाराची संमतीच घेतलेली नव्हती. 18 ठिकाणी लेखी संमती होती, पण धोका काय हे कोणी सांगितलं नव्हतं. कायद्याने तर अशी संमती असली तरी मालक सुटत नाही. आणि ही खुशी एकाच समाजघटकाच्या वाट्याला कशी येते? सफाई कामगारांसाठीच्या केंद्राच्या नमस्ते योजनेत नोंद झालेल्या गटार-टँक कामगारांपैकी 90 टक्क्यांहून जास्त अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गातले निघाले, त्यातही अनुसूचित जातीचे दोन तृतीयांशाहून अधिक. दीक्षाभूमीच्या शहरात याला मर्जी म्हणू नये.

‘आंदोलनांनी काही बदलत नाही’

1 फेब्रुवारी 1968. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात पाऊस चालू होता. एकॉल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार कचऱ्याच्या ट्रकमध्ये आडोशाला बसले, आणि ट्रकचं बिघडलेलं दाबयंत्र चालू होऊन त्यात चिरडले गेले. त्या जुन्या ट्रकांबद्दल कामगारांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. 12 फेब्रुवारीपासून सुमारे 1300 कामगार संपावर गेले. ‘मी माणूस आहे’ एवढंच लिहिलेले फलक घेऊन ते रोज चालत. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासाठी तिथे गेले आणि 4 एप्रिलला तिथेच त्यांची हत्या झाली. 16 एप्रिलला पालिकेला संघटनेला मान्यता आणि पगारवाढ द्यावी लागली. पुढे 1993 मध्ये अमेरिकेत बंदिस्त जागेत उतरण्यासाठी परवाना, वायूची मोजणी आणि बाहेर पहारेकरी हा सक्तीचा नियम आला.

आपल्याकडे कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या वसाहतीत वाढलेले बेझवाडा विल्सन आणि त्यांची ‘सफाई कर्मचारी आंदोलन’ ही संघटना 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. त्यांचं हत्यार घोषणा नव्हत्या, नोंदी होत्या : कोण, कुठल्या तारखेला, कुठल्या गटारात, कोणाच्या कामावर. सरकारं ‘आमच्याकडे असं काही नाही’ असं शपथेवर सांगत असताना या नोंदींनी ते खोडून काढलं. 27 मार्च 2014 च्या निकालाने 1993 पासूनच्या प्रत्येक मृत्यूसाठी 10 लाखांची भरपाई ठरली. 20 ऑक्टोबर 2023 ला ती 30 लाख झाली, कायमच्या अपंगत्वासाठी किमान 20 लाख. मुंबईत गोवंडीच्या एका सोसायटीत 2019 मध्ये तीन कामगार गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी उच्च न्यायालयात गेल्या आणि 2021 मध्ये भरपाईचा आदेश मिळवला. काम खासगी सोसायटीचं होतं, तरी सरकारला हात झटकता आले नाहीत.

जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात माणूस उतरवणं सहा महानगरांत थांबवायला सांगितलं. त्या सहांत नागपूर नाही, त्यामुळे इथे विचारणा आपल्यालाच करावी लागेल. माहितीच्या अधिकाराचा अर्ज 10 रुपयांत होतो आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. महापालिकेला चार गोष्टी विचारा : झोननिहाय चालू स्थितीतली जेटिंग आणि सक्शन मशीन किती, वायू मोजायची यंत्रं किती आणि त्यांचं शेवटचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी कधी झाली, गेल्या वर्षभरात माणूस उतरवायच्या लेखी परवानग्या किती दिल्या, त्यांच्या प्रती, आणि ठेकेदाराच्या कामगारांच्या विम्याचे कागद. सोसायटीच्या कामासाठी टँकरवाल्याला पैसे देण्याआधी पावतीवर लिहून घ्या की कोणीही आत उतरणार नाही आणि तळाचा गाळ राहिला तरी चालेल. टँकर मिळत नसेल तर सफाईमित्र मोहिमेचा 14420 हा क्रमांक आहे.